तांब्याची पट्टी जाते, रिपीटर बोलतच राहतो

डोंगरमाथ्यावरील हौशी रेडिओ केंद्रात चोरी झाली, तर ती त्याच दिवशी कळेल असे नाही. बॅटरी नेली तर केंद्र गप्प होते. अँटेनाची केबल कापली तर आवाज क्षीण होतो किंवा बंद पडतो. मात्र मनोऱ्यापासून जमिनीत उतरणारी भूसंपर्काची तांब्याची पट्टी कोणी कापून नेली, तर वरकरणी काहीच घडत नाही. रिपीटर पूर्वीसारखाच बोलत राहतो आणि त्याचा वापर करणाऱ्यांना शंकाही येत नाही. पुढे वळिवाच्या पहिल्या गडगडाटात मनोऱ्यावर वीज कोसळते. जमिनीत जाण्याची सरळ वाट न उरलेला तो प्रवाह मग केबलमधून थेट यंत्रात शिरतो. चोरी उन्हाळ्याच्या तोंडाला होते, केंद्र जळते ते मे महिन्यात, आणि त्याची खरी गरज भासते ती जूननंतर, घाटरस्ते आणि मोबाइल मनोरे एकाच वेळी डळमळू लागतात तेव्हा.

तांब्याच्या चोरीपासून अशा केंद्रांचे रक्षण करताना कुंपण आणि कुलूप यांचाच विचार आधी होतो. त्याहून मोलाची गोष्ट म्हणजे चोरी झाल्याचे वेळेत कळणे. गोवा, बेळगाव आणि चंदगड यांच्या सीमेवरील डोंगराळ प्रदेशाला हा विषय विशेष लागू पडतो.

हिंडलगा ते पणजी: मधला डोंगर

बेळगाव शहराला पश्चिमेकडून लागून असलेल्या हिंडलग्यापासून पणजी सरळ रेषेत सुमारे ८० किलोमीटरवर आहे. हिंडलग्यातून जाणारा रस्ता सुळगा, शिनोळीमार्गे चंदगड तालुक्यात शिरतो आणि तिलारी घाट उतरून दोडामार्गला, म्हणजे गोव्याच्या उंबरठ्यावर येतो. गाडीला हा प्रवास जमतो. हातात धरायच्या छोट्या रेडिओ संचाला तो जमत नाही.

हौशी रेडिओचालक, ज्यांना जगभर ‘हॅम’ म्हणतात, स्थानिक संपर्कासाठी प्रामुख्याने १४४ ते १४६ मेगाहर्ट्झचा पट्टा वापरतात. या लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात आणि डोंगर आडवा आला की अडतात. अडथळा नसला तरी पृथ्वीची वक्रता मर्यादा घालते. अँटेनाच्या मीटरमधील उंचीचे वर्गमूळ काढून त्याला ४.१२ ने गुणले, की रेडिओच्या क्षितिजाचे किलोमीटरमधील अंतर साधारणपणे मिळते. जमिनीपासून दोन मीटरवर धरलेल्या संचाचे क्षितिज त्यामुळे सहा किलोमीटरच्याही आतच संपते. हेच गणित समुद्रसपाटीपासून ८०० मीटर उंच घाटमाथ्यावर मांडले, तर पश्चिमेला समुद्राच्या दिशेने क्षितिज सुमारे ११६ किलोमीटरपर्यंत जाते.

रिपीटर या उंचीचा लाभ सर्वांना वाटून देतो. तो एका वारंवारितेवर क्षीण संदेश ऐकतो आणि त्याच क्षणी दुसऱ्या वारंवारितेवर अधिक शक्तीने तो पुन्हा प्रक्षेपित करतो. या पट्ट्यात दोन्ही वारंवारितांमध्ये बहुधा ६०० किलोहर्ट्झचे अंतर ठेवले जाते. ऐकणे आणि बोलणे एकाच अँटेनावरून चालते, म्हणून दोन्ही प्रवाह वेगळे ठेवण्यासाठी डुप्लेक्सर नावाचे धातूच्या नळकांड्यांचे उपकरण लागते. घाटाच्या पूर्वेकडील राजहंसगड, महिपाळगड, वैजनाथचा डोंगर यांसारखे माथे किंवा चोर्ल्याच्या परिसरातील कडे पाहिले, की अशा यंत्राला कोणती जागा हवी हे सहज लक्षात येते. ती उंच असावी, चहूबाजूंनी मोकळी असावी आणि वस्तीपासून दूर असावी. रेडिओला हवी असलेली हीच जागा चोरालाही सोयीची ठरते.

सेवा स्वयंसेवी, नुकसान वैयक्तिक

मोबाइल मनोऱ्यामागे कंपनी असते, विमा असतो, फिरते तंत्रज्ञ असतात. हौशी रेडिओच्या केंद्रामागे बहुधा काही परवानाधारकांची वर्गणी असते. केंद्र सरकारच्या दूरसंचार विभागाची परीक्षा उत्तीर्ण होऊन मिळणारा हा परवाना धंद्यासाठी वापरता येत नाही, म्हणून संदेश पोहोचवल्याबद्दल मोबदला घेता येत नाही. रिपीटर उभारण्यासाठीही वेगळी परवानगी लागते. जळालेले यंत्र बदलायचे तर खर्च पुन्हा त्याच मंडळींच्या खिशातून करावा लागतो.

या छंदाची सार्वजनिक बाजू संकटात दिसते. २६ डिसेंबर २००४ रोजी त्सुनामी आली, तेव्हा हैदराबादच्या ‘नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ अमॅच्युअर रेडिओ’च्या भारती प्रसाद आणि त्यांचे सहकारी हौशी रेडिओ मोहिमेसाठी पोर्ट ब्लेअरला होते. नेहमीचा संपर्क कोलमडल्यावर अंदमानातील खबरबात मुख्य भूमीपर्यंत पोहोचवण्यात त्यांच्या संचांचा मोठा वाटा होता. तो लघुलहरींवरील दूरचा संपर्क होता. जिल्ह्याच्या पातळीवर, एका तालुक्यातून दुसऱ्या तालुक्यात निरोप देण्यासाठी मात्र डोंगरावरचा रिपीटरच उपयोगी पडतो.

गोव्याला याचे महत्त्व वेगळे सांगायला नको. मे २०२१ मध्ये ‘तौक्ते’ चक्रीवादळ किनाऱ्याला खेटून गेले आणि राज्याच्या अनेक भागांत दिवसेंदिवस वीज नव्हती. त्याच वर्षी २३ जुलैला सत्तरी, डिचोलीसह म्हादई खोऱ्यातील गावांनी १९८२ नंतरचा सर्वांत मोठा पूर पाहिला. पावसाळ्यात चोर्ला, तिलारी, अनमोड या घाटांत दरडी कोसळल्या, की बेळगावहून येणाऱ्या भाजीपाल्याची वाट अडते. अशा वेळी घाटाच्या दोन्ही बाजूंना एकमेकांचा आवाज ऐकू येणे ही चैनीची गोष्ट राहत नाही.

चोराच्या हाती किती, केंद्राचे किती

मे २०२४ मध्ये लंडनच्या धातू बाजारात तांब्याने टनामागे ११,००० डॉलरचा टप्पा ओलांडला. त्या काळच्या विनिमय दराने हा भाव किलोला ९०० रुपयांच्या आसपास जातो. भूसंपर्कासाठी वापरली जाणारी २५ मिलीमीटर रुंद आणि ३ मिलीमीटर जाड तांब्याची पट्टी मीटरमागे सुमारे ६७० ग्रॅम भरते. मनोऱ्यावरून उतरून खड्ड्यापर्यंत जाणारी २० मीटर पट्टी म्हणजे साधारण साडेतेरा किलो तांबे झाले. जागतिक बाजारभावाने त्याची किंमत बारा हजार रुपयांच्या घरात येते. चोरीचा माल घेणारा भंगारवाला पूर्ण भाव देत नाही, त्यामुळे चोराच्या हाती त्याहून बरेच कमी पडते.

केंद्राचा हिशेब निराळा आहे. वीज आत शिरली तर रिपीटरचा संच, त्याचा नियंत्रक, वीजपुरवठ्याचे यंत्र आणि कधी डुप्लेक्सरही निकामी होतो. ही रक्कम सहज लाख-दीड लाखापर्यंत जाऊ शकते. त्यावर डोंगर चढून नवी पट्टी बसवण्याचे श्रम, सुटे भाग येईपर्यंतचे आठवडे आणि भर पावसात गप्प झालेला माथा यांचीही भर पडते.

मनोऱ्यावर पडणाऱ्या विजेचा पहिला झोत साधारणपणे ३०,००० अँपिअरचा असतो आणि तो काही मायक्रोसेकंदांत शिखर गाठतो. इतक्या वेगाने वाढणारा प्रवाह नेहमी सर्वांत सोप्या मार्गाने जमिनीकडे धावतो. पट्टी असेल तर बहुतांश भार ती वाहून नेते. ती नसेल तर अँटेनाची केबल, वीजजोडणीची तार किंवा मनोऱ्याशेजारचे पत्र्याचे कपाट हाच त्याचा मार्ग ठरतो. अनेक केंद्रांवर केबलच्या तोंडाशी तडितरोधक बसवलेला असतो आणि त्याच्या भरवशावर चालक निर्धास्त राहतात. पण तडितरोधक विजेचा भार स्वतः पचवत नाही, तो केवळ जमिनीकडे वळवतो. जमिनीशी जोडणारी पट्टीच नाहीशी झाली असेल, तर त्याचा काहीच उपयोग नाही.

माणसांचा धोका याहून गंभीर आहे. केंद्राला हेस्कॉमची किंवा गोव्याच्या वीज खात्याची जोडणी असेल आणि आत कुठे तार सैल होऊन कपाटाला टेकली, तर भूसंपर्काअभावी ते कपाट आणि त्याला जोडलेला लोखंडी मनोरा जिवंत होऊ शकतो. पावसात आडोशाला थांबलेला गुराखी किंवा गड पाहायला आलेला मुलगा त्याला हात लावील. म्हणूनच गळती ओळखून पुरवठा तोडणारा स्वयंचलित खटका अशा प्रत्येक जोडणीवर हवाच. पट्टी जागेवर असली तरी तो हवा.

तांबे कमी, दर्शन कमी, सूचना लगेच

पहिला उपाय म्हणजे चोरण्याजोगे तांबेच कमी ठेवणे. विजेचा मार्ग तांब्याचाच हवा असा नियम नाही. तडितसंरक्षणाचे आयईसी ६२३०५ हे आंतरराष्ट्रीय मानक किमान ५० चौरस मिलीमीटर छेदाचे जस्तलेपित पोलादही मान्य करते. पोलादाची विद्युतवाहकता तांब्याच्या कितीतरी पट कमी असली, तरी काही मायक्रोसेकंदांच्या झोतासाठी जाड जस्तलेपित पट्टी पुरेशी ठरते, आणि भंगारात तिला फारसा भाव नसतो. जमिनीत ठोकायच्या सळया पोलादी गाभ्यावर तांब्याचा पातळ थर दिलेल्या घ्याव्यात. केबलबाबतही हेच तत्त्व लागू पडते. काही अर्धा इंची केबलींत बाहेरचे वेष्टन तांब्याचे असले, तरी आतला वाहक तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमचा असतो. बाहेरील वेष्टनही ॲल्युमिनियमचे असलेल्या केबली मिळतात.

घाटमाथ्यावर मात्र या उपायाला एक किंमत आहे. आंबोलीसारख्या ठिकाणी वर्षाला ७,००० मिलीमीटरच्या आसपास पाऊस पडतो. अशा ओलाव्यात जस्ताचा थर लवकर झिजतो, आणि तांबे व जस्तलेपित लोखंड यांचा थेट सांधा तर त्याहून लवकर कुजतो. दोन धातूंच्या जोडणीसाठी असलेले खास क्लॅम्प वापरणे आणि दर काही वर्षांनी पट्टी बदलण्याची तयारी ठेवणे त्यामुळे आवश्यक ठरते.

दुसरा उपाय तांबे नजरेआड ठेवण्याचा. चकाकणारी पट्टी दुरूनही दिसते, तर करडा रंग दिलेली पट्टी लोखंडी वाटते. जमिनीपासून अडीच-तीन मीटर उंचीपर्यंत ती जाड पीव्हीसी नळीत घ्यावी आणि जमिनीखालचा भाग खोल पुरावा. पट्टी लोखंडी नळीत घालण्याचा मोह टाळलेला बरा. विजेच्या वेगवान प्रवाहाला लोखंडी नळी अडसर ठरते. ती घातलीच तर तिची दोन्ही टोके पट्टीला पक्की जोडावी लागतात. सांधे काँक्रीटमध्ये बंद करता येतात, मात्र मोजणीसाठी एक चाचणी-सांधा कुलूपबंद खोक्यात उघडता येईल असा राखायला हवा.

तिसरा उपाय सर्वांत स्वस्त आहे आणि हॅम मंडळींना तो जमण्याजोगाही आहे. भूसंपर्काच्या पट्टीबरोबर एक बारीक, फुटकळ किमतीची सूचक तार शेवटपर्यंत नेऊन परत आणायची आणि तिच्यातून बॅटरीचा अगदी अल्प प्रवाह सतत वाहू द्यायचा. पट्टी कापताना ही तारही तुटते, प्रवाह थांबतो आणि नियंत्रकाला इशारा मिळतो. प्रत्येक संभाषणानंतर रिपीटर एक छोटा ‘बीप’ देतो. तार तुटली की तो स्वर बदलावा किंवा मोर्स संकेतातील एखादे ठरलेले अक्षर ऐकू यावे, अशी योजना करता येते. मग माथ्यावर कोणी नसले, तरी सकाळी पहिल्यांदा संच सुरू करणाऱ्याला रात्री काय घडले ते कळते. कपाटाच्या दाराला, बॅटरीच्या जोडणीला आणि सौरपट्टीच्या चौकटीलाही याच साखळीत गुंफता येते. सूचक तार आणि तिचा नियंत्रक यांनाही विजेच्या झटक्यापासून संरक्षण द्यावे लागते, नाहीतर पहारेकरीच आधी जळायचा.

यंत्रणा असली तरी प्रत्यक्ष पाहणी चुकवून चालत नाही. मार्चअखेरीस, म्हणजे वळीव सुरू होण्यापूर्वी, आणि पुन्हा ऑक्टोबरच्या गडगडाटापूर्वी पट्टी डोळ्यांनी तपासावी आणि भूसंपर्काचा रोध यंत्राने मोजावा. तडितसंरक्षणासाठी तो १० ओहमच्या आत असावा अशी शिफारस आहे. बेळगावकडचा काळा पाषाण आणि गोव्याकडचा जांभा, दोन्ही उन्हाळ्यात विजेला सहज वाट देत नाहीत, म्हणून मोजणी कोरड्या दिवसांतच करावी. पावसात घेतलेला आकडा खोटा दिलासा देतो.

कुंपणात वीज सोडणे हा उपाय नव्हे

वारंवार चोरी झाल्यावर संतापाच्या भरात कुंपणात किंवा पट्टीत वीज सोडण्याचा विचार कोणाच्या मनात येऊ शकतो. रानडुकरांसाठी शेतात सोडलेल्या विजेने माणसे, गुरे आणि वन्यप्राणी मरण पावल्याच्या बातम्या या पट्ट्यातील वाचकांना नव्या नाहीत. असा सापळा लावणे हा गुन्हा आहे आणि त्यात सापडणारा बहुधा चोर नसतो. केंद्राजवळ मराठी, कन्नड आणि कोकणी अशा तिन्ही भाषांत ‘येथील भूसंपर्क लोखंडी आहे, तांबे नाही’ असा फलक आणि संपर्कासाठी दूरध्वनी क्रमांक लावणे अधिक उपयुक्त ठरते. पायथ्याच्या गावाला, देवस्थानच्या मंडळींना आणि नियमित गिर्यारोहकांना हे यंत्र कशासाठी आहे हे ठाऊक असेल, तर माथ्यावर अनोळखी टेम्पो दिसताच कोणीतरी फोन करील.

कायदा काय सांगतो

तांब्याच्या तारेची चोरी ही आजची गोष्ट नाही. स्वातंत्र्यानंतर तारायंत्राच्या तांब्याच्या तारा इतक्या चोरीला जात, की संसदेने १९५० मध्ये अशा तारा बेकायदा बाळगण्याविरुद्ध स्वतंत्र कायदा केला. त्यात तारेची ओळख मैलामागे किती पौंड वजन भरते यावरून ठरवली होती, म्हणजे कोणती तार सरकारी हे जाडीवरून सिद्ध करता येई. जुलै २०१३ मध्ये देशातील तारसेवा बंद झाली आणि २०२३ मध्ये कालबाह्य कायद्यांच्या यादीत घालून हा कायदाही रद्द करण्यात आला.

आज वीजवाहिन्यांचे साहित्य चोरणाऱ्यास २००३ च्या वीज कायद्याचे कलम १३६ लागू होते. सरकारी दूरसंचार मालमत्तेची हानी करणाऱ्यावर १९८४ च्या सार्वजनिक मालमत्ता हानी प्रतिबंधक कायद्याखाली कारवाई होऊ शकते. हौशी मंडळाचा रिपीटर खासगी मालमत्तेत मोडतो, त्यामुळे त्याची तक्रार प्रामुख्याने भारतीय न्याय संहितेखाली येते. त्यात कलम ३०३ चोरीसाठी, कलम ३१७ चोरीचा माल स्वीकारण्यासाठी आणि कलम ३२४ मालमत्तेच्या नासधुशीसाठी आहे.

येथे एक बारकावा महत्त्वाचा ठरतो. चोरलेल्या मालाची किंमत ५,००० रुपयांपेक्षा कमी असेल, गुन्हा पहिलाच असेल आणि माल किंवा त्याचे मोल परत केले असेल, तर कलम ३०३ नुसार शिक्षा समाजसेवेपुरती राहते. त्यामुळे तक्रारीत केवळ ‘तांब्याची तार गेली’ असे लिहिणे पुरेसे नाही. पट्टीची लांबी, वजन आणि खरेदीची पावती, तसेच कापाकापीमुळे झालेली इतर हानी आणि ती दुरुस्त करण्याचा खर्च वेगळा नोंदवला पाहिजे. नासधुशीच्या गुन्ह्यात नुकसानीच्या रकमेनुसार शिक्षा वाढते.

सीमाभागात दुसरा प्रश्न हद्दीचा असतो. हिंडलग्यापासून महाराष्ट्राची हद्द काही किलोमीटरवर आहे आणि गोवा काही तासांवर. चोरी कर्नाटकात, भंगार चंदगड तालुक्यात आणि केंद्राचे वर्गणीदार गोव्यात, असे सहज होऊ शकते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार गुन्हा कोणत्याही हद्दीत घडला असला, तरी कोणत्याही पोलिस स्थानकावर त्याची माहिती देता येते. ‘झिरो एफआयआर’ म्हणतात ती हीच. ऑनलाइन माहिती दिली असेल, तर तीन दिवसांत तिच्यावर स्वाक्षरी करावी लागते.

शेवटचा दुवा भंगारअड्ड्यावर

विकत घेणारा असतो म्हणूनच चोरी होते. ब्रिटनने २०१२ मध्ये भंगार धातूची रोखीने खरेदी बंद केली आणि पुढच्या वर्षी भंगार व्यावसायिकांसाठी परवान्याचा नवा कायदा आणला. विक्रेत्याची ओळख नोंदवणे त्यात बंधनकारक आहे. दक्षिण आफ्रिकेने रेल्वे आणि वीजवाहिन्यांच्या तांब्याची लूट थांबवण्यासाठी नोव्हेंबर २०२२ मध्ये भंगार धातूच्या निर्यातीवरच बंदी घातली. गोव्यात भंगारअड्ड्यांच्या परवान्यांचा आणि स्थलांतराचा प्रश्न वर्षानुवर्षे चर्चेत आहे, पण ती चर्चा बहुधा आगी आणि प्रदूषण यांभोवतीच फिरते. खरेदीची नोंदवही हा मुद्दाही त्यात आला, तर केवळ हौशी रेडिओचे नव्हे, तर वीज खात्याच्या रोहित्रांचे आणि शेतकऱ्यांच्या पंपांच्या केबलींचेही रक्षण होईल.

तोवर केंद्रचालकांना करता येण्याजोगी एक साधी गोष्ट आहे. पट्टीवर दर फुटाला आपले रेडिओ संकेतनाम पंचाने ठोकून ठेवावे. असा माल घ्यायला भंगारवाला कचरतो, आणि तो सापडला तर कोणाचा हे सिद्ध करायला साक्षीदार शोधावा लागत नाही. १९५० च्या कायद्याने तारेच्या वजनावरून साधलेली ओळख आता ठोकलेल्या अक्षरांनी साधता येते. हे काम एका दुपारचे आहे, आणि ते मार्च संपण्यापूर्वी उरकलेले बरे.